वीतभर माती

१

सकाळी दूध घ्यायला म्हणून त्यानं दार उघडलं, तर दारात माती. थोडीथोडकी नव्हे, छातीएवढा ढीग. फाटक निम्मं गाडलेलं, आणि दुधाची पिशवी फाटकाच्या पलीकडे अडकवलेली, बरोबर हात पुरणार नाही अशी.

"कुणाच्या बापाची माती ही?" तो ओरडला.

समोरच्या घरातला निवृत्त टपालवाला पायरीवर पेपर वाचत बसला होता. पेपर खाली न घेता तो म्हणाला, "तुमच्या जावयाच्या बापाची असेल. त्याचा डंपर येऊन ओतून गेला. तुम्ही झोपला होता."

"मी जागा होतो."

"मग जागेपणी घोरत होता."

मातीवरून ओरडणाऱ्या या म्हाताऱ्याला गल्लीत साडेनऊ म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे. उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट अर्ध्यातून गेलेलं. तरुणपणी लाकडाच्या वखारीत गोल करवतीनं नेलं होतं. पोरं मुद्दाम येऊन विचारायची, "आजोबा, किती वाजले?" आणि चप्पल यायच्या आत पसार व्हायची. त्या चिडवण्याचं त्याला फारसं काही नव्हतं. राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. जे बोट नव्हतं ते खाजायचं. गार पाण्यात हात घातला की गारठायचं. नसलेली वस्तू खाजते कशी, हे एकाही डॉक्टरला सांगता आलं नव्हतं, आणि तरी ते पाटीवर डॉक्टर लिहीत होते.

त्याच डॉक्टरांनी बायकोला दवाखान्यातून घरी पाठवलं होतं. दुखणं बरं झालं म्हणे. झालंही असेल. पण ती घरी आली ती भिंतीकडे तोंड करून पडली, आणि पडूनच राहिली. जेव म्हटलं की दोन घास खायची. बोल म्हटलं की बोलायची नाही. लेकीनं फर्मान काढलं, आईला मागं बाग करून द्या, तिचं मन रमेल. मागच्या अंगणात बाग! तिथं भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंटचा कोबा, गवताची काडी उगवायची सोय नाही. तेव्हा त्यानं जुन्या फळ्या रंधून एक लांबोळकी चौकट केली आणि कोब्यावर बसवली. वीतभर खोल. भाजीला वीत पुरते. कोपरे असे जुळवले की सांध्यात ब्लेड जाऊ नये. बायकोनं खिडकीतून एकदा बघितलं आणि पुन्हा कूस बदलली.

आज मात्र ओरडा ऐकून ती उठली. भिंतीला धरत धरत दारापर्यंत आली. ढिगाकडे बघत राहिली.

"किती काळीभोर आहे हो," ती म्हणाली.

किती दिवसांनी तिच्या तोंडून आख्खं वाक्य निघालं होतं. माणसाला आनंद व्हायला हवा. याला संताप आला. त्यानं घाम गाळून केलेली चौकट हिला दिसली नाही, आणि जावयानं रस्त्यावरून उचलून आणलेली माती दिसली.

२

"जावईबापू, ही घाण कुठून उचललीत?"

"घाण कसली बाबा!" फोनवर जावयाचा आवाज नेहमीसारखा हसरा. त्याला बांधकामावरची फुकटची कुठलीही गोष्ट दिसली की राहवत नसे. त्यानं अशाच तीन बिनझाकणाच्या पाण्याच्या टाक्या आणून ठेवल्या होत्या. "वरच्या थराची माती आहे. एक नंबर. लोक मागं लागलेत."

"कुठली, ते विचारलं मी."

"शाळेचं मैदान खोदतायत, तिथली. म्हणजे, मुख्यत्वे तिथली."

"मुख्यत्वे?"

"डंपरवाला दोन-चार ठिकाणी भरतो हो. पण फुकट आहे बाबा!"

"फुकट आहे म्हणूनच विचारतोय. विकत घेतली असती तर दुकानदाराच्या उरावर बसलो असतो. तुमच्या उरावर बसायची मला लाज वाटते."

फुकटच्या मातीत काय काय असतं, हे त्याला पाठ होतं. काचा, खिळे, चुना, गाडीचं तेल, तण मारायचं औषध. टपालवाल्यानं एकदा रंगाच्या कारखान्यामागची माती आणून गुलाब लावले होते. महिन्याभरात गुलाब असे झाले, की कुणी इस्त्री फिरवली म्हणावं.

"तपासल्याशिवाय यातलं एक ढेकूळ वाफ्यात जाणार नाही," त्यानं बजावलं. "तपासणी सांगेल ते मी ऐकेन. तुम्हीही ऐकायचं."

"ऐकू की. लेखी देऊ का?"

त्यानं फोन आपटला आणि घमेलं घेतलं. वरची माती घ्यायची नाही, ती वाळलेली असते आणि खोटं बोलते. ढिगाच्या पोटात हात घालून आतली काढायची. त्यानं काढली. चिमटीत चोळली, किचकिच नाही. नाकाशी नेली. तेल नाही, चुना नाही, कुजका वास नाही. वास होता तो ओल्या भुशाचा. सकाळी वखार उघडली की यायचा तसला. शाळेच्या मैदानाला भुशाचा वास कशाला येईल? पण वास वाईट नव्हता, त्याला नावं ठेवता येईनात.

मग मूठ. दमट माती उजव्या मुठीत घ्यायची, आवळायची, मूठ उघडायची. ढेकूळ झालंच नाही तर रेताड. झालं आणि टोचल्यावर फुटेना, तर चिकण. झालं, आणि टोचलं की हसत फुटलं, तर माती सोन्यासारखी. त्यानं आवळली. उघडली. ढेकूळ तळहातावर शहाण्यासारखं बसलं होतं. टोचायला म्हणून त्यानं डाव्या हाताचा अंगठा पुढं केला आणि तो तिथंच थांबला.

त्याच्या उजव्या मुठीचा छाप त्याला ठाऊक होता. आयुष्यभर पुट्टी, मेण, गोंदात मळलेला भुसा दाबून त्यानं तो बघितला होता. तीन बोटांच्या तीन खाचा, आणि अंगठ्याजवळ, जिथं बोट नाही तिथं, एक फुगवटा.

ढेकळावर फुगवटा नव्हता. चार खाचा होत्या. चौथी पार अंगठ्याखाली गेलेली, आणि तिच्या टोकाला नखाची खूण. एक नव्हे, शेजारीशेजारी दोन बारीक चंद्रकोरी, मध्ये केसाएवढी फट.

शिकाऊ असताना पटाशी लागून त्या बोटाचं नख दुभंगलं होतं. पुढं ते तसंच दोन फाकांत वाढलं. आणि मग बोटाबरोबरच गेलं.

त्यानं ढेकूळ टोचलं. चांगल्या मातीचं फुटतं तसंच ते फुटलं.

३

डोळ्यांत मोतीबिंदू आहे, एखादा खडा दाबला गेला असेल, उन्हाची तिरीप असेल. कारणं काय, मागाल तेवढी मिळतात. त्यानं पुन्हा मूठ आवळली. तीन खाचा, फुगवटा. "बघ, मूर्खा," तो स्वतःला म्हणाला. निम्मा राग उतरला. तिसऱ्यांदा आवळली. चार.

डाव्या हाताला पाचही बोटं होती, त्याचा काही उपयोग नव्हता. त्यानं आजूबाजूला बघितलं. बायको पायरीवर उन्हात येऊन बसली होती. हेही नवलच.

"अगं, हात पुढं कर. ही आवळ बघू."

"मला कुठं कळतंय त्यातलं?"

"कळायचं नाहीये. आवळायची आहे."

तिच्या बोटांत दुखण्यानं काही ताकद ठेवली नव्हती. तिनं दोन्ही ओठ मिटून मूठ दाबली आणि एवढंसं ढेकूळ त्याच्या हातावर ठेवलं. एका अंगाला तिच्या बारीक बोटांच्या नाजूक खाचा. त्यानं ते उलटं केलं. दुसरं अंग तिच्या तळहाताकडचं. तिथं गुळगुळीत असायला हवं, फार तर हाताच्या रेषा.

तिथं चार खाचा होत्या. जाड बोटांच्या. जणू तिच्या मुठीच्या आत आणखी एक हात होता आणि त्यानंही, तिकडून, धरलं होतं.

"काय एवढं बघताय?"

"काही नाही."

"चांगली आहे ना?"

"बघू अजून. घाई आहे का?"

"ऊब आहे तिला," ती म्हणाली. तळहात नाकाशी नेऊन तिनं वास घेतला. मग ती आत गेली, आणि त्याच्या लक्षात आलं की तिनं हात धुतले नाहीत. दुपारी चहा पितानाही तिच्या नखांत माती होती. एरवी ही बाई दाराच्या कडीला हात लागला तरी नळाखाली धरणारी.

४

माणूस घाबरला की कुणी पळतो, कुणी देवाचं नाव घेतो. साडेनऊ घाबरला की आणखी चिडायचा. त्यानं ठरवलं, या मातीला नापास करायचं. रीतसर, सगळ्यांसमोर, कुणाला तोंड उघडायला जागा न ठेवता.

काचेची बरणी घेतली. अर्धी माती, वर पाणी, कपड्यांच्या पावडरची चिमूट. झाकण लावून दंड दुखेपर्यंत हलवली आणि ओट्यावर ठेवली. वाईट माती बरणीत उघडी पडते. नुसती वाळू तरी खाली बसते, नाहीतर पाणी दिवसेंदिवस गढूळच राहतं. दुसऱ्या दिवशी बघतो तर तळाला वाळू, त्यावर मऊ गाळ, त्यावर चिकणमातीचा पातळ थर, आणि वर नितळ पाणी. कुणी पट्टी धरून आखल्यासारखं. त्यानं बरणीला एक शिवी दिली. बरणीनं ऐकून घेतली.

मग बियांची तपासणी. औषध मारलेल्या मातीत घेवड्याची पानं उगवतानाच वेडीवाकडी मुरडतात, तिथं लपवालपवी चालत नाही. त्यानं दोन कुंड्या घेतल्या. एकीत टपालवाल्याच्या तुळशीतली जुनी, खात्रीची माती, दुसरीत ही. दाणे पेरायला सगळे बोटानं भोक करतात. याला ते बोटच नव्हतं. त्यानं कानावरची चपटी सुतारी पेन्सिल घेऊन भोकं पाडली, चपटीच पडली, एकेक दाणा टाकला, आणि दोन्ही कुंड्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवल्या.

सकाळी पाणी घालायला गेला. खात्रीच्या कुंडीत सगळं जिथल्या तिथं. दुसऱ्या कुंडीत त्याच्या प्रत्येक चपट्या भोकाशेजारी एक गोल भोक होतं. पेराएवढं खोल. त्यानं पेन्सिलीनं आपल्या भोकात उकरलं. दाणा नव्हता. गोल भोकात उकरलं. दाणा तिथं होता, डोळा खाली करून, बरोबर हव्या त्या खोलीवर.

कुणीतरी त्याचं काम सुधारलं होतं.

भीती मागाहून आली. आधी कानशिलं तापली. साठ वर्षं हातात हत्यार धरणाऱ्या माणसाच्या कामावर हात फिरवतो कोण?

"कुंडीला हात लावलास तू?" त्यानं आतल्या खोलीत जाऊन विचारलं.

"मी कशाला लावू?" ती केस विंचरत होती. किती दिवसांत तिनं कंगवा हातात घेतला नव्हता. "आणि अहो, चांगलं सांगते, सकाळी सकाळी असं अंगावर येऊन विचारत जाऊ नका. माझं काळीज अजून कच्चं आहे."

"मांजर शिरलं असेल."

"मांजर कुंडीत बी लावतं होय?" ती हसली.

तिला त्यानं भोकांबद्दल काहीच सांगितलेलं नव्हतं.

घेवडा उगवला. खात्रीच्या कुंडीतला किडकिडीत आणि फिकट. या कुंडीतला जाड देठाचा, तेल लावल्यासारखा चकचकीत. एक पान मुरडलेलं नाही. त्यानं भिंग लावून बघितलं, एकसुद्धा नाही.

५

सुट्टीच्या दिवशी लेक-जावई आले. जावयानं बरणी उजेडाकडे धरून फिरवली, कुंडीतली रोपं बघितली आणि टाळी वाजवली.

"बाबा, काय ती तपासणी! मानलं तुम्हाला. पैकीच्या पैकी."

"ती माती मला नको," तो म्हणाला.

"का?"

"मला नको म्हणजे नको. घेऊन जा."

"अहो पण वास?"

"वास बरा आहे."

"मूठ?"

त्यानं उजवा हात खिशात घातला.

"मूठ कशी झाली, बाबा?" लेकीनं विचारलं.

"झाली."

"फुटली?"

"फुटली."

"बरणी तर दिसतेच आहे. घेवडा दिसतोच आहे. मग खोट काय निघाली?"

आता काय सांगायचं? मातीला बोट आहे? माझं गेलेलं बोट मातीत आहे, आणि नखासकट आहे? लेक हसली नसती, ते जास्त वाईट. तिनं नवऱ्याकडे बघितलं असतं आणि मग आवाज मऊ करून विचारलं असतं, बाबा, तुम्हाला झोप लागते ना नीट? मग तेच डॉक्टर, तेच पाटीवाले. आणि बोलला होता कोण, की तपासणी सांगेल ते मी ऐकेन? त्याचीच जीभ त्याच्या आडवी आली होती.

"माझ्या मनाला पटत नाही," तो शेवटी म्हणाला. स्वतःच्याच कानांना ते इतकं पुचाट वाटलं, की त्यानं टेबलावर मूठ आपटली. बरणीतलं पाणी हिंदकळलं.

"मी आणली म्हणून पटत नाही, असं सरळ म्हणा ना," जावई म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज हसरा नव्हता. "मी सोन्याची वीट आणली तरी तुम्ही दात लावून बघाल."

"सोन्याची वीट तुम्ही कुठून आणलीत, हे आधी पोलिसांना विचारीन!"

"पुरे करा," बायको म्हणाली.

ती दारात उभी होती. कशालाही न धरता. "ती माती तुमची नाही आणि जावईबापूंचीही नाही. बाग कुणासाठी आहे? माझ्यासाठी ना? मग मला हवी आहे." तिनं नवऱ्याकडे बघितलं. "तुम्हाला नको असेल तर टाकून द्या. मी जाते आत, पडते."

पडते, हा शब्द तिनं असा उच्चारला, की लेकीनं तोंडावर पदर धरला.

दुपारपर्यंत जावयानं घमेल्यांनी माती मागं वाहून चौकट काठोकाठ भरली. उरलेली टपालवाला हसत हसत घेऊन गेला. साडेनऊ गच्चीवर जाऊन बसला. नसलेलं बोट त्या दिवशी खाजलं नाही. ते पहिल्यांदाच आरामात होतं, आणि त्याला तेच आवडलं नाही.

६

टपालवाल्याच्या बागेत काही झालं नाही. शेवंती फुलली, बस्स. साडेनऊनं त्याला दोनदा विचारलं, मातीत हात घालतोस तेव्हा काही लागतं का? "गांडुळं लागतात," तो म्हणाला. "तुम्हाला काय, हिरे हवेत?"

बायको मात्र सुधारत गेली. टोमॅटोची रोपं लावली, काठ्या रोवल्या. सकाळी चहा झाला की स्टूल घेऊन वाफ्याशी बसायची ती जेवायच्या वेळेपर्यंत. गालांवर रंग आला. लेक फोनवर रडून म्हणाली, बाबा, आपली आई परत मिळाली. त्यानं हूं केलं. कारण स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याला दिसत होतं, की ती फारसं काही करत नाही. खुरपं बाजूला पडलेलं असतं. दोन्ही हात मनगटापर्यंत मातीत, डोळे मिटलेले, आणि ओठ हलतायत.

एका सकाळी दुसरा चहा ओतताना ती म्हणाली, "बरं वाटलं आज. तुम्ही येऊन बसलात ते."

"मी? कुठं?"

"आता लाजायचं काय कारण? दवाखान्यात तेवढा मी हात पुढं केला, तर लोक बघतायत म्हणून झटकलात. इथं परसात कोण बघतंय?"

"मी सकाळपासून गच्चीवर आहे. टाकी धुतोय. हे बघ, पँट भिजली आहे."

तिनं पँटीकडे बघितलं. हसून मान हलवली, लबाड पोराकडे बघून हलवावी तशी. "बरं, नसाल बसला. पण ते नख तेवढं कापा. ओरखडतं."

तिनं हाताची पाठ पुढं केली. ओरखडा होता. दोन बारीक रेघा, शेजारीशेजारी, मध्ये केसाएवढी फट.

त्याची नजर तिथून हलेना. मग तिचीही नजर त्याच्या उजव्या हाताकडे गेली, कपाच्या कानात अडकवलेल्या त्या थोट्या बोटाकडे. चहाची वाफ दोघांच्या मधून वर जात राहिली. तिला आता समजेल, आता ती किंकाळी मारेल, असं त्याला वाटलं.

तिनं साखरेचा डबा त्याच्याकडे सरकवला.

"काहीतरीच बोलते मी," ती म्हणाली. "घ्या चहा."

आणि पदरानं झाकावं तसं तिनं दुसऱ्या तळहातानं तो ओरखडा झाकला.

७

त्यानं फावडं काढलं. बास झालं. तपासणी गेली खड्ड्यात, लेक गेली, जावई गेला. ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली तर पडू दे. निदान आपल्या घरात पडेल. मागचं दार त्यानं लाथेनं उघडलं.

ऊन चांगलं वर आलेलं. ती स्टुलावर पाठमोरी बसलेली, हात मातीत. तो तिच्या मागं जाऊन उभा राहिला.

"ती वखार आठवते?" ती हळू आवाजात विचारत होती. "मी डबा घेऊन यायचे. तुमच्या केसांत भुसा असायचा..." मग थांबली, जरा कळवळली. "नख, अहो. सांगितलं ना."

"कुणाशी बोलतेस?"

तिनं डोळे उघडले, मान वळवली. त्याला बघितलं, फावडं बघितलं. दचकली नाही. हात मातीतून काढले नाहीत.

"तुम्ही आत जा," ती म्हणाली.

"हात बाहेर काढ."

"का?"

"का म्हणजे? तो मी नाहीये!"

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुम्ही एवढा वेळ बसाल कधी?"

"अगं मग आहे कोण तो?"

"तुमच्यापेक्षा बरं धरतो. मला तेवढं पुरे."

फावडं त्यानं फेकलं. ते कोब्यावर खणखणत गेलं. गुडघे मोडून तो वाफ्याशी बसला आणि उजवा हात मातीत खुपसला. तिचं मनगट सापडलं, बारीक, गरम. त्यावरून बोटं पुढं सरकवली. तिच्या बोटांत बोटं गुंतलेली होती. जाड, तरणी, रंध्याचे घट्टे पडलेली. ते घट्टे त्याच्या स्वतःच्या हातावरून केव्हाच विरून गेले होते. एक, दोन, तीन. आणि चौथं, आख्खं, शेवटापर्यंत. त्यानं ते पकडलं आणि उपटायला जोर लावला.

तो हात क्षणभर गप्प राहिला, कोण आहे हे चाचपल्यासारखा. मग त्यानं याचा हात झटकून टाकला.

असा तसा नाही. मनगटातून, उलट्या हातानं, चार लोकांत कुणी लगट केली की माणूस झटकतो तसा. तो झटका त्याच्या चांगला ओळखीचा होता. आजपर्यंत तो त्याला कधी लागला नव्हता, एवढंच.

"बघितलंत?" बायको म्हणाली. कुत्सितपणे नाही. उलट, कीव आल्यासारखी.

तो उठला. आत गेला. दार असं आपटलं की खिडकीची काच थरथरली. ओट्याला टेकून उभा राहिला, मातीनं भरलेला हात नळाखाली धरला आणि जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या दिल्या. जावयाला, डंपरवाल्याला, डॉक्टरला, त्या शाळेला आणि तिच्या मैदानाला. पाणी गार होतं. चार बोटं गारठली.

पाचवं गारठलं नाही.

नसलेल्या बोटाला ऊब लागत होती. ओली, मऊ ऊब, दोन्ही बाजूंनी. कुणीतरी ते मुठीत धरलं होतं. कुणाची मूठ, हे सांगायची गरज नव्हती. इतक्या वर्षांत फार वेळा नसेल धरली, पण विसरण्यासारखी नव्हती. त्यानं नळ बंद केला. तोंडातली शिवी तिथंच राहिली.

मग ते बोट खाली ओढू लागलं. संथपणे. तिच्या मुठीसकट.

त्यानं खिडकीतून बघितलं. ती स्टुलावरून उतरून कोब्यावर गुडघे टेकून बसली होती. उजवा हात सरळ खाली मातीत, कोपराच्या वर गेलेला. तो चौकटीकडे बघत राहिला. त्यानं स्वतः केलेली चौकट. वीतभर खोल. खाली कोबा, त्याच्या हातानं ठोकून बघितलेला. वीतभर मातीत माणसाचा हात दंडापर्यंत जात नाही.

तो दाराकडे धावला. एक पाऊल टाकलं नाही तोच ते बोट सैल पडलं, आणि बाहेर ती झपकन पुढं झुकली, खांद्यापर्यंत. तो थांबला. त्यानं जीव एकवटून, जिथं काहीच नव्हतं तिथं, बोट आखडलं. ती थांबली. तिचा गाल मातीला टेकला होता. डोळे मिटलेले. चेहरा असा शांत, की दवाखान्यातसुद्धा, सुया टोचून झोपवली तेव्हासुद्धा, तसा दिसला नव्हता.

हलावं तर ती जाते. घट्ट धरावं, तर धरतोय तो की ओढतोय, हे त्याला कळेना. सोडलं तर ती वर येईल की खाली जाईल? वासानं कळत नव्हतं, मुठीनं कळत नव्हतं, बरणीत घालून हलवूनही कळलं नसतं. ओट्यावर घेवड्याची रोपं चकचकत होती.

थोटं बोट खिडकीच्या काचेला टेकवून तो उभा राहिला, आणि पुढचं, नसलेलं, त्यानं मिटून घेतलं. घट्ट. पण नख लागणार नाही असं बेतानं.

बाहेर मातीवर गाल ठेवून ती हसली.

"हां," ती म्हणाली. "अस्सं."